सत्तावन्न हजार चित्रांतला लाल ठिपका

पचनमार्गातून रक्त जात असेल, तर ते नेमके कुठून जाते हे पाहायला पोटाच्या डॉक्टरांकडे दोन वाटा असतात. तोंडातून दुर्बीण घातली की अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची जेमतेम सुरुवात दिसते. गुदद्वारातून घातली की सगळे मोठे आतडे आणि जमलेच तर लहान आतड्याचे शेवटचे टोक दिसते. मधे उरते ते साधारण सहा मीटर लांबीचे लहान आतडे. ते वेटोळी घालून पोटात सैल पडलेले असते, सतत हलत असते, आणि साध्या दुर्बिणीने त्यात फार पुढे जाता येत नाही. ती पुढे रेटली की आतडे ताणले जाते, पण दुर्बीण आहे तिथेच राहते.

पचनमार्गातल्या रक्तस्रावांपैकी साधारण पाच टक्केच या मधल्या पट्ट्यातून होतात. टक्केवारी लहान असली तरी त्यामागच्या रुग्णांचे हाल मोठे असतात. साठी-सत्तरीतला माणूस जिना चढताना दमतो, तपासणीत हिमोग्लोबिन सात निघते. लोहाच्या गोळ्या होतात, रक्त चढवून होते, वरून-खालून दोन्ही दुर्बिणी होतात आणि दोन्ही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतात. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा सातवर. पूर्वी अशा वेळी बेरियम पाजून एक्स-रे काढत, पण आतड्याच्या अस्तरात सपाट बसलेला दोष त्यात उमटत नाही. शेवटचा उपाय म्हणजे पोट उघडायचे आणि आतड्याला छेद देऊन शल्यविशारदाच्या हाताने दुर्बीण पुढे सरकवायची.

या मधल्या सहा मीटरपर्यंत पोहोचायची अडचण २००१ च्या सुमारास बरीचशी सुटली. ती सुटल्यावर दुसरी उभी राहिली. आतड्याची चित्रे मिळू लागली, पण ती इतकी मिळू लागली की ती बघायची कोणी आणि किती वेळ, हाच प्रश्न झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेचा या तपासणीत शिरकाव झाला तो या दुसऱ्या प्रश्नामुळे.

क्षेपणास्त्राचा डोळा, पोटात

गाव्रिएल इद्दान हे इस्राएलच्या ‘राफाएल’ या संरक्षण संस्थेतले अभियंता. क्षेपणास्त्राला लक्ष्य ‘दिसावे’ यासाठी लागणाऱ्या कॅमेऱ्यांवर ते काम करत. १९८१ च्या सुमारास ते बोस्टनला रजेवर होते, आणि शेजारी राहत होते एक इस्राएली पोटविकारतज्ज्ञ, एइतान स्कापा. लहान आतड्यात आपल्याला काहीच दिसत नाही, ही स्कापांची तक्रार. क्षेपणास्त्राच्या टोकावर कॅमेरा बसतो तर गिळता येईल एवढा कॅमेरा का बनू नये, हा त्यावर इद्दानांचा विचार.

त्या काळी ते जमण्यासारखे नव्हते. उपलब्ध प्रतिमा-संवेदक इतकी वीज खात की गोळीत मावणारी बॅटरी काही मिनिटांत संपली असती, आणि आतड्याचा प्रवास तर तासांचा. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या नासामध्ये एरिक फॉसम यांनी ‘सीमॉस’ जातीचा संवेदक विकसित केला. आज प्रत्येक मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतो तो हाच. तो अगदी थोड्या विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरीची अडचण दूर झाली. लंडनचे डॉक्टर पॉल स्वेन याच कल्पनेवर स्वतंत्रपणे काम करत होते. ते इद्दानांना येऊन मिळाले. १९९८ मध्ये ‘गिव्हन इमेजिंग’ ही कंपनी निघाली आणि १९९९ मध्ये स्वेन यांनी स्वतःच ती कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळली. २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात शोधनिबंध आला, आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली.

कॅप्सूल २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर जाड आणि वजनाला चार ग्रॅमहून कमी. एका टोकाला पारदर्शक घुमट, त्याच्या आत भिंग आणि भोवती पांढरे एलईडी दिवे. मागे बॅटरी आणि रेडिओ प्रक्षेपक. रुग्ण आदल्या रात्रीपासून उपाशी राहतो, पोट साफ करायचे औषध घेतो आणि सकाळी घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळतो. कमरेला पट्टा आणि रेकॉर्डर बांधलेला असतो. भूल लागत नाही, दुखत नाही, रुग्ण हिंडू-फिरू शकतो. आतड्याच्या स्वतःच्या आकुंचनाने कॅप्सूल पुढे सरकते आणि एक-दोन दिवसांत शौचावाटे बाहेर पडते. ती परत वापरायची नसते.

वाचकासमोरचा पडदा

आता हिशेब करू. पहिल्या पिढीच्या कॅप्सूल सेकंदाला दोन चित्रे काढत आणि आठ तास चालत. म्हणजे ५७,६०० चित्रे. नव्या कॅप्सूल बारा तास चालतात, आणि वेगाने सरकत असताना सेकंदाला सहापर्यंत चित्रे घेतात.

डॉक्टर ही चित्रे संगणकावर चलच्चित्रासारखी बघतात. याला ‘कॅप्सूल वाचणे’ म्हणतात. पडद्यावर पिवळसर-गुलाबी बोगदा सरकत असतो. भिंतीवर मखमलीसारखे दिसणारे रसांकुर, मधेच हिरवट पित्त, फेसाचे बुडबुडे, अन्नाचा एखादा राहिलेला कण. कॅप्सूल गोल फिरते, भिंतीला चिकटते, मग पाच मिनिटे तेच ते दृश्य. आणि एकदम जोराचे आकुंचन आले की हातभर आतडे दोन-तीन चित्रांत मागे पडते. असे तास-दीड तास चालू राहते. शोधायचे काय, तर काही वेळा दोन-तीन मिलिमीटरचा लालभडक ठिपका. जवळून पाहिले तर त्याला नेच्याच्या पानासारख्या बारीक शाखा फुटलेल्या दिसतात. रक्तवाहिन्यांचे हे वेडेवाकडे जाळे म्हणजे ‘अँजिओएक्टेशिया’. उतारवयातल्या, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाच्या झडपेचा विकार असलेल्या रुग्णांमध्ये छुप्या रक्तस्रावाचे ते एक मोठे कारण. तो ठिपका एकाच चित्रात, म्हणजे अर्ध्या सेकंदापुरता दिसून जाऊ शकतो. नेमके तेव्हा वाचकाने डोळे चोळले, तर रिपोर्ट पुन्हा ‘नॉर्मल’.

ही भीती काल्पनिक नाही. २०१२ साली एका अमेरिकी नियतकालिकाने छापलेल्या अभ्यासाने आपल्या शीर्षकातच डॉक्टरांची कामगिरी ‘निराशाजनक’ ठरवली होती. २०२१ च्या एका अभ्यासात ३२ वाचकांना एकामागून एक कॅप्सूल वाचायला दिल्या. त्यांतले निम्मे मुरलेले, निम्मे नवखे. एकच कॅप्सूल वाचून झाल्यावर अचूकता घसरू लागली, आणि त्यातून अनुभवी मंडळीही सुटली नाहीत. दोष समोर आणून दाखवला तर हे डॉक्टर तो सहसा ओळखतात. त्यांना अवघड जाते ते दीड तास नजर एकसारखी टक्क ठेवणे. आणि न कंटाळणे हा तर यंत्राचा स्वभावच आहे.

लाल रंग मोजण्यापासून आकार शिकण्यापर्यंत

यंत्राची मदत अगदी नवी नाही. कॅप्सूलबरोबर येणाऱ्या जुन्या संगणकप्रणालीतही लाल रंगाची चित्रे वेगळी काढून देणारी सोय होती. ठरावीक प्रमाणापेक्षा लाल बिंदू जास्त दिसले की ‘रक्त असावे’ अशी खूण. वाहते रक्त तिला बऱ्यापैकी सापडे. पण रक्त थांबलेले असेल आणि नुसता व्रण किंवा गाठ असेल, तर ती गप्प बसे. तिचा नियम माणसाने लिहिलेला होता, आणि आतड्यातल्या सगळ्या रोगांना पुरेल असा नियम लिहिणे कोणालाच शक्य नव्हते.

२०१५ नंतर या क्षेत्रात जी पद्धत रुळली तिच्यात नियम लिहायचाच नाही, उदाहरणे द्यायची. डॉक्टरांनी आधी हजारो चित्रांवर ‘व्रण’, ‘गाठ’, ‘रक्त’, ‘निरोगी’ अशा चिठ्ठ्या लावायच्या. मग ती चित्रे ‘कॉन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क’ या गणिती रचनेला दाखवायची. ही रचना प्रत्येक चित्रावरून लहान लहान आकड्यांच्या चौकटी सरकवत नेते. पहिल्या थरातल्या चौकटी कडा आणि रंगबदल टिपतात, पुढच्या थरातल्या त्यांतून पोत आणि वळणे जुळवतात, आणखी पुढच्या थरात ‘पांढुरका तळ, भोवती लालसर कडा’ असे व्रणाचे रूप आकाराला येते. शेवटी एक आकडा निघतो, चित्रात व्रण असण्याची शक्यता. उत्तर चुकले की चौकटींतले आकडे किंचित बदलायचे आणि पुन्हा दाखवायचे. लाखो वेळा असे झाले की यंत्र शिकले असे म्हणायचे.

टोकियोच्या तोमोनोरी आओकी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशी प्रणाली ५,३६० चित्रांवर शिकवली आणि १०,४४० नव्या चित्रांवर तपासली. त्यांतल्या ४४० चित्रांत व्रण किंवा खरचटलेली जागा होती. सगळी चित्रे तपासायला २३३ सेकंद लागले. त्या वेगाने आपली ५७,६०० चित्रे एकवीस-बावीस मिनिटांत संपतील, तीही त्या वेळच्या संगणकावर. व्रण असलेल्या चित्रांपैकी ८८.२ टक्के तिने पकडली, आणि निरोगी चित्रांपैकी सुमारे ९१ टक्के बरोबर सोडून दिली.

एक्क्याण्णव टक्के ऐकायला भरभक्कम वाटतात. पण तेच प्रमाण पूर्ण कॅप्सूलला लावून पाहा. निरोगी आतड्याच्या ५७,६०० चित्रांपैकी नऊ टक्के, म्हणजे पाच हजारांहून जास्त चित्रांवर खोटी शंका. बुडबुडा, पित्ताचा डाग, अस्तराची सुरकुती, काहीही. तांदूळ निवडणाऱ्याने शंका येईल तो प्रत्येक दाणा बाजूला काढला तर खडा नक्की सुटणार नाही, पण ताटात दाण्यांचाच ढीग होईल. शंकेचा उंबरठा उंच ठेवावा की सखल, हे गणित ठरवत नाही. ते माणसाला ठरवावे लागते. इथे तो सखल ठेवणे शहाणपणाचे, कारण फाजील निवडलेले चित्र डॉक्टर क्षणात बाजूला करतात, पण न निवडलेले चित्र कोणी पाहतच नाही.

दुसरीकडे, ८८ टक्केही वाटतात तितके कमी नाहीत. खरा व्रण सहसा एकाहून अधिक चित्रांत येतो. एका चित्रात निसटला तरी पुढच्यात सापडतो. म्हणून ‘चित्रामागे किती’ आणि ‘रुग्णामागे किती’ हे दोन आकडे वेगळे असतात, आणि बातमीत यश वाचताना पहिल्यांदा हेच विचारावे की यातला आकडा कोणता?

प्रयोगशाळेतून रुग्णालयात

रुग्णामागचे आकडे मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा चीनमधून आले. २०१९ मध्ये ‘गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७७ वैद्यकीय केंद्रांतले ६,९७० रुग्ण आणि ११ कोटी ३४ लाखांहून अधिक चित्रे होती. शिकवणीला १,९७० रुग्णांची चित्रे वापरली, परीक्षा उरलेल्या ५,००० जणांवर. नेहमीच्या वाचनात दोष असलेल्या रुग्णांपैकी ७४.५७ टक्के सापडले, यंत्राच्या मदतीने ९९.८८ टक्के. वाचनाचा सरासरी वेळ ९६.६ मिनिटांवरून ५.९ मिनिटांवर आला.

हे शंभराला टेकलेले प्रमाण वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. खरे उत्तर काय, हे ठरवताना डॉक्टर आणि यंत्र यांचे एकमत ग्राह्य धरले होते, आणि मतभेद असेल तिथे तज्ज्ञांनी पुन्हा पाहून निवाडा केला होता. जे दोघांच्याही नजरेतून सुटले, ते हिशेबातच आले नाही. शिवाय हा सगळा साठा आधी जमा झालेला होता. चालू रुग्णालयात, पुढे येणाऱ्या रुग्णांवर काय होते हे वेगळे पाहावे लागते.

ते युरोपातल्या १४ केंद्रांनी पाहिले. इटलीचे क्रिस्तियानो स्पादा आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये आला. लहान आतड्यातून रक्तस्रावाचा संशय असलेले १३३ रुग्ण, आणि प्रत्येकाची कॅप्सूल दोन्ही पद्धतींनी वाचलेली. रक्तस्रावाचे कारण असू शकेल असा दोष नेहमीच्या वाचनात ६२.४ टक्के रुग्णांत मिळाला. एआयच्या मदतीने ९८ जणांत, म्हणजे ७३.७ टक्क्यांत. वाचनाचा वेळ सरासरी ३३.७ मिनिटांऐवजी ३.८ मिनिटे. ९९ च्या मानाने ७३ हा आकडा फिका दिसतो. पण दोन्ही आकडे एका जातीचे नाहीत. पहिला सांगतो, दोष असलेल्यांपैकी किती जण सापडले; दुसरा, तपासायला आलेल्या सगळ्यांपैकी किती जणांत काही मिळाले. संशयाने आलेल्या प्रत्येकाच्या आतड्यात दोष असतोच असे नाही.

वाचलेल्या अर्ध्या तासाला आणखी एक महत्त्व आहे. उघड रक्तस्राव होत असेल तर कॅप्सूल शक्यतो ४८ तासांच्या आत करावी, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण उशीर झाला की उगम सापडण्याची शक्यता घटते. तपासणी वेळेत होऊन रिपोर्ट मात्र चार दिवस वाचकाच्या टेबलावर पडून राहिला, तर घाईचा उपयोग काय?

यंत्राने न पाहिलेले रोग

उदाहरणांतून शिकणारे यंत्र उदाहरणांपलीकडचे शिकत नाही. नॉर्वेतून २०२१ मध्ये खुल्या झालेल्या ‘क्वासिर-कॅप्सूल’ या चित्रसंग्रहात तज्ज्ञांनी ४७,२३८ चित्रांना चिठ्ठ्या लावल्या आहेत. त्यांत निरोगी अस्तराची ३४,३३८, व्रणाची ८५४ आणि पॉलिपची अवघी ५५. गाठी, पॉलिप आणि काही विरळ रोग यांच्या बाबतीत यंत्राची शाळा अशी तोकडी असते. शेजारशेजारची चित्रे जवळपास सारखीच असल्याने आणखी एक फसगत होते. एकाच रुग्णाची काही चित्रे शिकवणीला आणि काही परीक्षेला वापरली, तर यंत्र रोग ओळखण्याऐवजी तो रुग्णच ओळखू लागते आणि गुण फुगतात. प्रत्येक कंपनीच्या कॅप्सूलचे दिवे आणि रंगछटा वेगळ्या, त्यामुळे एका कॅप्सूलवर शिकलेली प्रणाली दुसरीवर तशीच चालेल असे धरता येत नाही.

भारतात हा मुद्दा जास्त टोकदार होतो. आपल्याकडे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण दिसले की डॉक्टरांच्या मनात दोन नावे येतात, आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हा आतड्याचा जुनाट दाहरोग. लक्षणे सारखी: पोटात कळा, वजन घटणे, ताप, रक्तपांढरी. व्रण आडवे, आतड्याला वेढणारे असतील तर टीबीकडे कल. उभे, लांबट असतील तर क्रोन्सकडे. पण हे नुसते कल. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागतात, आणि तीच टीबीच्या रुग्णाला दिली तर रोग शरीरभर पसरू शकतो. निदान पक्के करायला व्रणाचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि कॅप्सूलला हात नसतात. तिने व्रण दाखवला की पुढे फुग्यांच्या साहाय्याने आतडे गोळा करत जाणारी लांब दुर्बीण लागते. जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी ही ‘डबल बलून’ पद्धत २००१ मध्ये मांडली. ती तोंडातून घालायची की खालून, हे कॅप्सूलने जठर कधी सोडले, व्रण कधी दिसला आणि मोठे आतडे कधी गाठले या वेळांवरून ठरवतात. जपान-युरोपातल्या चित्रांवर शिकलेले यंत्र ‘व्रण आहे’ इतके नक्की सांगेल. टीबीचे व्रण त्याने किती पाहिले असतील?

टीबी आणि क्रोन्स दोन्हींत आतडे जागोजागी अरुंद होते, आणि तिथे कॅप्सूलच अडकून बसू शकते. सरसकट पाहिले तर हे शंभरात एखाद-दुसऱ्याला होते, पण आधीच क्रोन्स असलेल्यांत धोका जास्त. अडकली तर दुर्बिणीने किंवा शस्त्रक्रियेने काढावी लागते. म्हणून संशय असेल तर आधी सीटी किंवा एमआर तपासणी करतात, किंवा लॅक्टोज आणि बेरियमची, अडकल्यास पोटातच विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतात. हा निर्णय चित्रे मिळण्याच्या आधीचा. तो रुग्णाला नीट विचारून घ्यायचा असतो: पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झाली का, जेवल्यावर पोट फुगून कळा येतात का, रोज वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का.

मोजायचे काय

यंत्र जास्त ठिपके शोधते हे आता बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. पण प्रत्येक ठिपका गुन्हेगार नसतो. डॉक्टर सापडलेल्या दोषांची तीन गटांत विभागणी करतात: रक्तस्राव नक्की करू शकणारे, कदाचित करणारे आणि न करणारे. नजर तीक्ष्ण झाली की मधला, ‘कदाचित’चा गट फुगतो. एखाद्या बारीकशा लाल खुणेमागे लांब दुर्बीण, भूल आणि खर्च लावायचा, आणि खरे कारण वेगळेच निघायचे, असेही होऊ शकते. उलट, निवडलेल्या चित्रांपलीकडे डॉक्टरांनी पाहणेच सोडले, तर यंत्राची चूक हीच डॉक्टरांची चूक होते.

म्हणून ज्याच्या हाती असा रिपोर्ट येईल त्याने डॉक्टरांना दोन गोष्टी बिनधास्त विचाराव्यात. यंत्राने निवडलेल्या चित्रांखेरीज बाकीची चित्रे कोणी डोळ्याखालून घातली का? आणि जो दोष सापडला, त्याने माझे हिमोग्लोबिन इतके उतरेल का? पहिल्याचे उत्तर त्या रुग्णालयाच्या कामाच्या पद्धतीत आहे. दुसऱ्यासाठी डॉक्टरांना रुग्णाचे वय, औषधे, इतर आजार आणि मागचे रिपोर्ट एकत्र ठेवून विचार करावा लागतो, आणि वाचलेला अर्धा तास खर्च व्हायला हवा तो इथे. या तंत्राचे खरे मूल्यमापनही तिथेच होईल. त्यासाठी पकडलेल्या ठिपक्यांची संख्या पुरेशी नाही. उपचारानंतर वर्षभरात किती रुग्णांना पुन्हा रक्त चढवावे लागले नाही, हे मोजावे लागेल.